तिन्ही मेले

फळ्या दोन आन् चाकं तीन. तिथंच सगळं अडलं होतं बघा.

माझ्या पिकपच्या बाजूला दोन फळ्या कायम बांधलेल्या असतात. मोटरसायकल चढवायची तर एक पुरते, हातगाडी चढवायची तर दोन. नंजनगूडच्या केळीपासून लग्नाच्या भांड्यांपर्यंत मी सगळं वाहिलंय, पण तीन चाकांची मोटरसायकल सोळा वर्षांत कुणी माझ्या गाडीत घातली नव्हती. मागची दोन चाकं दोन फळ्यांवर, बरं. पुढचं चाक कशावर? हवेवर?

"फत्त्या, सुम्नं नुसता बघत काय उभा राहिलास?" मानाजीदादा ओरडला. "डोकं चालव की."

"सकाळपास्नं तेच ओलं हाय," मी म्हणलं. "स्वल्प वाळू दे."

डोकं का ओलं होतं तेबी सांगतो.

मानाजीदादा माझा चुलतभाऊ. कृष्णराजनगरच्या अलीकडं कालव्याच्या काठाला हुणसेकोप्पल हाय, तिथं आमची मराठ्यांची एक गल्ली, दहा-बारा घरं. आमचे पणजे राजाच्या घोडदळात होते म्हणतात. आता घोडं नाय, दळ नाय, भात हाय आन् म्हशी हायत. मी पोटासाठी मैसूर गाठलं, दादा तिथंच राहिला. बावीस वर्षं त्यानं मोटरसायकलच्या दोन्ही अंगाला कॅन अडकवून पाच वाड्यांचं दूध डेरीला घातलं. दोन वर्षांमागं कालव्याच्या चिखलात गाडी घसरली आन् त्याचा खुबा मोडला. खुबा जुळला, पण गंजलेल्या बिजागरीसारखा. वाकतच नाय. पाय टेकून दोनचाकी सावरायची म्हणलं तर जमायचं नाय.

डेरीचा सेक्रेटरी जगन्नाथराव. त्यानं दादाचा रूट आपल्या भाच्याला, पद्मनाभला दिला. "तात्पुरता," म्हणाला. तात्पुरता दोन वर्षं चालला. पद्मनाभ आठाशिवाय अंथरूण सोडत नाय, वाड्यांवर दूध उन्हात फाटतं, पण भाचा तो भाचा. दादा विचारायला गेला की जगन्नाथराव स्वतः खुर्चीत बसायचा आन् दादाला पालथा कॅन सरकवायचा. "बस रे मानाजी, पायाला आराम दे." दूध घालायला आलेली सगळी माणसं बघायची.

यंदा कालव्याला पाणी उशिरा सोडलं. भाताची रोपं वाफ्यातच पिवळी पडली, लावणी लांबली. सगळं घर चार म्हशींवर आन् रुक्मिणीवैनीच्या दोन हातांवर आलं. तवा दादा एकदा डेरीत गेला आन् कॅनवर बसलाच नाय. उभ्यानंच म्हणाला, "माझा रूट मला परत पाहिजे."

जगन्नाथराव हसला. "गाडी आण की मग. शनिवारच्या संध्याकाळच्या दुधाला गाडी दारात दिसली तर रूट तुझा. नाय दिसली तर पद्मनाभच्या नावानं कायम करतो."

हा लंगडा कुठली गाडी आणतोय, असं त्याला वाटलं. पण दादाची जुनी मोटरसायकल तवाच मैसूरला सत्यनारायणाच्या ग्यारेजात पडलेली होती. सत्यनारायण कन्नड माणूस, आमच्यात वावरून मराठी तोंडात बसलेली. त्यानं मागचं एक चाक काढलं, आडवा दांडा घातला, दोन चाकं लावली, वर लोखंडी पेटी ठोकली, तीन कॅन मावतील अशी. कागद पास व्हायला शुक्रवार उजाडला. शनिवारी सकाळी मी आन् दादा ती न्यायला गेलो.

आता खरं तर चालवतच न्यायची. मी म्हणलं, "दादा, मी नेतो. तू माझ्या पिकपमधी..."

"पिकप कोण चालवंल? तुझा बाप?"

"आधी एक चक्कर तर मारतो," म्हणलं आन् बसलो. तीस वर्षं दोनचाकी चालवतोय मी. वळण आलं की हात काय करत नाय, अंगच करतं. अंग कलंडलं की गाडी कलंडते आन् वळते. ग्यारेजासमोरच्या कोपऱ्यावर मी झोकात कलंडलो. मी कलंडलो, गाडी नाय कलंडली. तीन चाकांवर ती चौरंगासारखी ताठ उभी. सरळ गेली आन् पंक्चरवाल्याच्या पाण्याच्या टपात मला बुडवून थांबली. खिशातला फोनबी बुडाला. गाडीला ओरखडा नाय.

सत्यनारायण पोट धरून हसला. "फत्तेसिंगराव, हिला अंग दाखवू नका. हँडल वळवा, हँडल."

"आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

दादा म्हणाला, "सरक, मी बघतो." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वैनी. दादानं हसत-हसत माझ्या आंघोळीची बातमी दिली. पलीकडनं वैनीचा आवाज असा आला की फोन कानापासनं हातभर लांब धरला तरी मला ऐकू येत होता.

"तुम्ही त्या गाडीवर बसायचं नाय! भावजींनीबी बसायचं नाय! गाडी पिकपमधी घाला आन् गुमान घरी या. एकदा हाडं गोळा केली मी, परत नाय करणार!"

तर अशी गाडीत गाडी घालायची पाळी आली, आन् फळ्या निघाल्या दोन.

शेवटी सत्यनारायणाला सुचलं. समोरच्या चहावाल्याचं बाकडं. चार गिऱ्हाईकं बाकड्यावर बसून चहा पीत होती, त्यांना हातात पेले देऊन उभं केलं. चहावाला म्हणाला, "बाकडं मोडलं तर?" सत्यनारायण म्हणाला, "मोडलं तर तीन पायांचं करून देतो. आता मला तेच येतं." बाकडं मधी लावलं, फळ्या दोन्ही अंगाला.

ढकलायला सत्यनारायण, मी आन् ती चहाची चार गिऱ्हाईकं. हँडल धरायला कुणीतरी वर पाहिजे. दादाला ढकलता येत नाय, म्हणून त्यालाच सीटवर बसवलं. इंजिन बंद. वैनीनं बसू नको म्हणलं होतं ते चालत्या गाडीवर, असं दादानंच ठरवलं. बसल्या-बसल्या त्यानं घरी फोन लावला, दुपारच्या जेवणाला येतो सांगायला. वैनी म्हशीखाली बसली होती, हात दुधाचे. फोन उचलला नर्मदाबाईंनी.

नर्मदाबाई म्हणजे वैनीची मावशी, कराडकडची. आठ दिवसांमागं पहिल्यांदाच आमच्या मुलखात आली होती. वय सत्तरीच्या पुढं, आवाज खणखणीत आन् कन्नडाचा एक शब्द येत नाय. आमचं मराठी ऐकूनबी तिच्या कपाळाला आठी पडायची.

दादा म्हणाला, "मावशी, फोन धरा हां, चढवतोय." आन् चालू फोन मागच्या पेटीत ठेवला.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे. कन्नडात मेले म्हणजे वर. आम्ही घरात मराठी बोलतो, पण ओझं उचलायला लागलो की तोंडातनं कन्नडच निघतं. त्यात आम्हाला काय वेगळं वाटत नाय. दोन्ही भाषा एकाच जिभेवर वाढलेल्या.

"तळ्ळु! तळ्ळु!" सत्यनारायण ओरडला. म्हणजे ढकल. आम्ही ढकललं. बाकडं करकरलं. पुढचं चाक पिकपच्या काठाला लागलं, चढलं.

"एक मेले!" मी ओरडलो.

"अय्यो, धरा, धरा! डाव्या अंगाला चाललं!"

"दादा, हँडल सोडू नको!"

दादानं हँडल असं धरलं होतं जसं म्हशीची शिंगं. डावं चाक चढलं. "दोन मेले!" उजवं चाक फळीच्या कडेला आलं, फळी वाकली, सत्यनारायणानं खांदा लावला, मी डोळे मिटून जोर केला, आन् धाडकन आवाज होऊन गाडी आत गेली.

"तिन्ही मेले!" मी छाती फोडून ओरडलो. "तिन्ही मेले!"

त्या धक्क्यानं फोन पेटीतनं उडाला, फळीवरनं घसरला, आन् फळी सुटून बरोब्बर त्याच्यावरच पडली. दोन तुकडे.

सत्यनारायण म्हणाला, "माझ्या फोनवरनं कळवा घरी."

"आता घरीच चाललोय," दादा म्हणाला. "कळवायचं काय त्यात?"

पेटीला दोर लावले. सत्यनारायणाच्या बायकोनं चाकांखाली लिंबं ठेवायला आणली, तर नवा प्रश्न. लिंबं किती? ती म्हणाली तीन, सत्यनारायण म्हणाला चार, कारण चालणार तर पिकप. दादा म्हणाला, "सात ठेवा, भांडण नको." पिकपखालची चार चिरडली, वरची तीन तशीच राहिली. मी निघालो.

दादा केबिनमधी येईना. मागंच गाडीवर बसून राहिला. "कधीपासनं सीटवर बसलो नाय रे फत्त्या. बसू दे." मी दोराचा एक वेढा त्याच्या कमरेलाबी टाकला. आरशात बघतोय तर डोक्याला पांढरा रुमाल, दोन्ही हात हँडलवर, तोंडावर वारा घेत लग्नातल्या नवऱ्यासारखा ताठ. इलवालला बस थांबली होती तिच्यातली माणसं खिडकीतनं बघायला लागली. दादा त्यांना मान हलवून रामराम करत होता. फाटकाजवळ रेल्वेसाठी थांबलो तर फुलवाली आली. दादानं शेवंतीचे दोन मोठे हार घेतले, एक हँडलला घातला. दुसरा कुठं घालायचा सुचेना, म्हणून गळ्यात.

पुढं पिकपचं मागलं चाक बसलं. तीन चाकं धडधाकट वर बसलेली आन् माझ्या चारातलं एक गेलं. ते बदलण्यात, वर रसमभात खाण्यात तीन वाजले. मग मी कालव्याच्या कडेनं जवळचा रस्ता धरला. वाफ्यात आता पाणी आलं होतं. बाया कंबरेत वाकून लावणी करत होत्या. दादा प्रत्येक वाफ्याला हात करत चालला.

आन् तिकडं घरी काय झालं होतं ते वैनीनं मागनं मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथं होतो असंच वाटतं.

नर्मदाबाईंच्या हातनं फोन पडला. त्या तशाच परसात धावल्या. "रुक्मे! अगं रुक्मे! आधी एक मेला, मग दुसरा, मग कुणीतरी रडत ओरडला, तिन्ही मेले गं! आन् मग फोनच गेला!"

वैनीनं दोन्ही फोन लावले. दोन्ही बंद. माझ्या फोनानं टपात जीव दिलेला, दादाच्याचे तुकडे. सत्यनारायणाचा नंबर तिच्याकडं नव्हता. मावशींच्या आवाजानं गल्ली गोळा झाली. दोन पोरं मोटरसायकलवर मैसूरकडं पळाली, ती डांबरी रस्त्यानं गेली, आम्ही आलो कालव्यानं. शेजारणींनी आपापल्या चुली पेटवल्या, कारण मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. कुणी भात, कुणी आमटी, कुणी हुळग्याचं सार. कुणी बांबू आणले. कुणी मयताला आंघोळ घालायची लांब फळी आणून दाराशी टेकवली.

वैनी रडली नाय. "डोळ्यानं बघितल्याशिवाय मी कुंकू पुसणार नाय," म्हणाली. दुपार कलल्यावर मावशी म्हणाल्या, "अगं, बस तरी घटकाभर." वैनी म्हणाली, "म्हशींना काय सांगू? आज पान्हा सोडू नका म्हणून?" आन् बादली घेऊन परत म्हशीखाली जाऊन बसली. धार मात्र निम्मी बादलीबाहेर चालली होती. हे तिनं एकदाच सांगितलं, परत कवा सांगितलं नाय.

आम्ही गल्लीच्या तोंडाशी आलो तर रस्ता माणसांनी भरलेला. सगळ्यांच्या पाठी आमच्याकडं, तोंडं दादाच्या घराकडं. मी इंजिन बंद केलं. कट्ट्यावर जगन्नाथराव हात जोडून बोलत होता.

"...बावीस वर्षं. पाऊस असो, पूर असो, सहाच्या आत मानाजीचं दूध डेरीत. थेंबाचं पाणी नाय त्यात. असा माणूस माझ्या डेरीला परत मिळायचा नाय. मी आज सगळ्यांसमोर कबूल करतो, रूट त्याचाच होता. आज तो गाडी घेऊन दारात आला असता ना, तर मी माझ्या या हातांनी कॅन उचलून त्याच्या गाडीत ठेवले असते!"

माझ्या मागनं, वरनं, आवाज आला.

"मग उचला की."

सगळी गल्ली एकदम वळली. आमच्या भागात कितीतरी घरांत मयताला बसवून नेतात, हार घालून, ताठ. तसाच दादा बसलेला. गळ्यात शेवंती, डोक्याला पांढरं, कमरेला दोर. एक म्हातारी किंचाळली. कुणीतरी म्हणलं, "बोलतंय!" दादा म्हणाला, "बोलू नको तर काय करू? कोण मेलंय?"

जगन्नाथरावाचे हात जोडलेलेच राहिले.

नर्मदाबाई गर्दी सारत पुढं आल्या. आधी दादाला खालनं वर बघितलं, मग मला. "आन् तिसरा?"

"तिसरा कोण?"

"तूच ओरडलास ना, तिन्ही मेले म्हणून?"

मला कळायला घटकाभर लागली. कळलं तसा मी पिकपच्या दाराला धरून खालीच बसलो. हसू आवरंना. "मावशी, चाकं! तिन्ही चाकं मेले! मेले म्हणजे वर!"

"वर म्हणजे वर!" मावशी कडाडल्या. "वर म्हणायला काय जीभ झिजते तुमची?"

तवा कुठं गल्लीला कळलं आन् जो हशा उठला तो कालव्यापलीकडं गेला असंल.

गर्दीतनं वैनी आली. हातात दुधाची बादली. पिकपजवळ येऊन थांबली, बादली खाली ठेवली. हात वर करून तिनं दादाच्या त्या मोडक्या पायाचा पंजा धरला, घट्ट, म्हशीचं सड धरतात तसा. मग ती म्हणाली, "फोन कुठाय?"

"मोडला."

"जेवलात?"

"रसमभात."

"बरं," म्हणाली आन् पदर तोंडाला लावून आत गेली.

जगन्नाथरावानं आता खाकरून घेतलं. "छान झालं. देवाची कृपा. पण मानाजी, गाडी दिसली, ती पिकपमधी दिसली. चालवणार कोण? तुला जमतंय?"

"उतरवा," दादा म्हणाला.

परत फळ्या दोन आन् चाकं तीन. मी इकडं-तिकडं बघितलं. दाराला ती लांब फळी टेकलेली होती. दादाच्याच आंघोळीची. ती मधी लावली, आन् गाडी तिच्यावरनं लोण्यासारखी खाली आली.

दादानं इंजिन चालू केलं. गल्लीच्या टोकाला जुनी चिंच हाय, तिला वळसा घालून यायचं. ते वळण माझ्या टपाच्या वळणापेक्षा वाईट, पलीकडं सरळ कालवा. मी सवयीनं ओरडलो, "दादा, वाक! वाक!" आन् लगेच जीभ चावली.

दादा वाकला नाय. वाकणार कसा? खुबाच वाकत नाय त्याचा. अंग खांबासारखं ताठ, फक्त दोन हातांनी हँडल वळवलं. गाडी गुमान चिंचेला वळसा घालून आली. माझे दोन्ही पाय धड म्हणून मी टपात गेलो होतो.

दादानं गाडी बरोब्बर जगन्नाथरावासमोर उभी केली. पेटी त्याच्याकडं केली. "साडेचार झाले. हे आमच्या गल्लीचं दूध. उचला."

गल्लीतले तीन कॅन भरून उभे होते. सगळी माणसं बघत होती, पद्मनाभबी. मघाशी बोललेले शब्द अजून कट्ट्यावर गरम होते. जगन्नाथरावानं बाह्या सारल्या. पहिला कॅन ठेवला. दुसरा ठेवला, घाम पुसला. तिसरा गुडघ्यापर्यंत आला आन् अडला. बिचारा दात-ओठ खात उभा, कॅन ना वर ना खाली. नर्मदाबाईंनी पदर खोचला, कॅनच्या बुडाला हात घातला आन् त्याच्या कानाशी खणकन ओरडल्या, "मेले म्हणते ना! मेले!"

कॅन वर गेला.

"तिन्ही मेले!" अख्खी गल्ली ओरडली. दादानं गियर टाकला आन् डेरीकडं निघाला, ते कॅन रिकामे करून मग बाकीच्या वाड्यांकडं. हँडलचा हार वाऱ्यानं उडत होता.

सात वाजता रिकामे कॅन वाजवत परत आला. शेजारणींनी केलेला भात, आमटी, सार सगळं तसंच होतं, वाया थोडंच घालवायचं? कट्ट्यावरच पंगत बसली. दादानं तीनदा भात घेतला. आपल्याच सुतकाचं जेवण एवढ्या भुकेनं जेवणारा माणूस मी दुसरा बघितला नाय.

जगन्नाथरावालाही वैनीनं जाऊ दिलं नाय. पण कट्टा भरला होता, खुर्च्या म्हाताऱ्यांना गेल्या होत्या. दादानं इकडं-तिकडं बघितलं, एक रिकामा कॅन पालथा घातला आन् पायानं, त्याच ताठ पायानं, हळूच पुढं सरकवला.

"बसा सेक्रेटरी. दमलात. पायाला आराम द्या."

जगन्नाथराव बसला. वैनीनं त्याच्या पानात भात वाढला, दोनदा.